रो. अण्णा

आमच्या गावात वर्ष चारदा सुरू होतं. गुढीपाडव्याला पंचांगाचं, दिवाळीच्या पाडव्याला वहीखात्याचं, १ एप्रिलला इन्कम टॅक्सचं आणि १ जुलैला रोटरीचं. यातलं शेवटचं सगळ्यात दणक्यात सुरू होतं, कारण बाकीच्या तिन्हींत नुसतं कॅलेंडर बदलतं, रोटरीत अध्यक्ष बदलतो. ३० जूनच्या रात्री जो गृहस्थ प्रेसिडेंट म्हणून झोपतो, तो सकाळी पास्ट प्रेसिडेंट म्हणून उठतो आणि बायको चहाच्या आधी त्याच्या हातात दळणाचा डबा देते. वर्षभर साहेब बिझी होते, दळण तुंबलेलं असतं.

यंदाचे अध्यक्ष आमचे अण्णा. एसटी स्टँडसमोर त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. नळाच्या तोट्या, पीव्हीसी पाइप, रंगाचे डबे, किलोवर खिळे. दुकानाच्या पाटीवर प्रोप्रायटर म्हणून पूर्वी नुसतं नाव होतं. क्लबात गेल्यावर पेंटर बोलावून त्याच्या आधी ‘रो.’ घालून घेतलं. तेव्हापासून ते ‘रो.’ बिलावर आहे, लग्नपत्रिकांच्या प्रेषकांत आहे आणि नातवाच्या बारशाच्या पत्रिकेतही होतं. सभासदाच्या बायकोला आपल्याकडच्या क्लबांत ‘अ‍ॅन’ म्हणायची रीत आहे, मुलांना ‘अ‍ॅनेट’. काकू साठीनंतर अ‍ॅन झाल्या. पहिल्यांदा माइकवरून ‘अ‍ॅन काकूंनी पुढे यावं’ असा पुकारा झाला तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, “बिचारी कुठली ख्रिश्चन बाई आलीय, जागा तरी द्या तिला.”

अण्णांना क्लबात आणलं ते गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी. बंगल्याचं प्लंबिंग चाललं होतं, अण्णांनी तोट्यांवर बऱ्यापैकी सूट दिली आणि डॉक्टरांना त्यांच्यात सेवाभाव दिसला. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, असा रोटरीचा मूळचा दंडक. गावात डॉक्टर उदंड, तेव्हा एक बालरोगाचा, एक हाडांचा, एक कान-नाक-घशाचा अशी शरीराची वाटणी करून सगळे आत आले. हार्डवेअरची जागा मात्र कैक वर्षं रिकामी होती.

या दंडकामागचा इतिहास अण्णा सांगतात तेव्हा ऐकण्यासारखा असतो. १९०५ सालच्या २३ फेब्रुवारीला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना गोळा केलं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर, एक शिंपी. आज याच्या ऑफिसात, पुढच्या खेपेला त्याच्या, असं आळीपाळीनं भेटायचं. हेतू दोन. परक्या शहरात चार मित्र असावेत आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळावं. यातला दुसरा हेतू इतका उघड होता की कुणी कुणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवायला क्लबात एक स्वतंत्र माणूस नेमलेला असे. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद व्हा म्हटलं, तर तो म्हणाला, नुसती आपापसांत देवघेव करणारी मंडळी टिकायची नाहीत, बाहेरच्यांसाठीही काही करा. झालं, तिथून सेवेनं क्लबात पाय ठेवला. आणि १९०७ मध्ये या मंडळींनी खटपट केली ती शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक शौचालयासाठी. आज जगभर पसरलेल्या या संस्थेचं पहिलं समाजकार्य म्हणजे मुतारी! अण्णांनी हे ऐकलं आणि त्याच क्षणी त्यांना हा क्लब आपला वाटला. पाइप, कमोड, फ्लशची टाकी, सगळा माल त्यांच्याच दुकानातला. पुढं त्यांनी मुलींच्या हायस्कुलात शौचालयं बांधून दिली तेव्हा सामान खरेदीच्या भावानं लावलं, हेही सांगितलं पाहिजे. बिलाची झेरॉक्स ते खिशात बाळगतात.

१ जुलैला मात्र माणसाची परीक्षा असते. त्या दिवशी डॉक्टर्स डे. डॉ. बिधनचंद्र रॉय जन्मले १ जुलैला आणि गेलेही १ जुलैला. त्याच तारखेला सीए डे, कारण सीएंची संस्था १९४९ मध्ये त्याच दिवशी स्थापन झाली. शिवाय वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून महाराष्ट्रात कृषी दिन. म्हणजे नव्या अध्यक्षानं गळ्यात पट्टा पडल्यापडल्या एकाच दिवसात डॉक्टर, सीए आणि शेतकरी या तिघांचा सत्कार करायचा, तोही ऐन पावसात. डॉक्टर दवाखान्यात सापडले. सीए ऑफिसात सापडले. शेतकरी कुठून सापडणार, तो पेरणीला गेलेला. तेव्हा ‘थेट बांधावर सन्मान’ असा उपक्रम ठरला.

मी तिथं होतो, कारण क्लबाच्या बातम्या, मानपत्रं आणि प्रास्ताविकं मराठीत लिहून द्यायचं काम माझ्याकडे असतं. अण्णा सफारीत, गळ्यात कॉलर, पायात कातडी बूट. बांधावरून दोन पावलं टाकली आणि एक बूट रानात राहिला. शेतकऱ्यानं तिफण उभी केली, हात पँटला पुसले आणि मुकाट्यानं मान पुढं केली. शाल घातली, नारळ दिला, गुलाबाचं फूल दिलं. फोटो निघतोय तोवर सर आली. शेतकऱ्यानं शाल काढून बैलाच्या पाठीवर टाकली. अण्णांचा चेहरा पडलेला बघून म्हणाला, “अण्णा, मला रेनकोट हाय, त्याला न्हाई.” नारळ तिथंच तिफणीच्या लोखंडावर फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत बैल फार सुंदर आलाय.

त्या कॉलरबद्दल दोन शब्द. ही अध्यक्षानं गळ्यात घालायची पट्टी. तिच्यावर आजवरच्या अध्यक्षांच्या नावांच्या धातूच्या पट्ट्या असतात, दरवर्षी एक वाढते. क्लब जुना झाला की मान दुखते. अण्णांनी ती घरी आणल्यावर आधी दुकानातल्या काट्यावर टाकली आणि खिळ्यांच्या भावानं काय होतील हेही पाहिलं. मग मात्र मखमलीच्या पिशवीत घालून देवघराखालच्या कपाटात ठेवली.

सभेला घंटा असते. घंटा वाजली की सभा सुरू, घंटा वाजली की संपली. दोन घंटांच्या मध्ये राष्ट्रगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पाहुण्यांचं भाषण आणि आभार. त्यानंतर जेवण, त्याला ‘फेलोशिप’ म्हणतात. सभेला उशीर करणारे बरेच, फेलोशिपला सगळे वेळेवर. एखादी सभा बुडाली तर दुसऱ्या गावच्या क्लबाच्या सभेला बसून हजेरी भरून काढता येते, त्याचं नाव ‘मेकअप’. अण्णा मालाच्या खरेदीला कोल्हापूरला गेले की तिथं मेकअप करून येतात. काकूंना हे पहिल्यांदा फोनवर कळलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

दुकानात गल्ल्याच्या मागे चार प्रश्नांची एक पाटी लावलेली आहे. हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाकडे बुडायला आलेली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी आली, तिला वर काढताना त्यानं १९३२ साली हे प्रश्न लिहिले. पुढं रोटरीनं ते जगभर नेले. आपण बोलतोय ते खरं का, सगळ्यांच्या दृष्टीनं रास्त का, अशी ती कसोटी. कंपनी तरली म्हणतात. अण्णांचं उलट झालं. गिऱ्हाईक उधारीवर आलेलं असो की रोखीवर, मान वर करून पाटी वाचतं आणि म्हणतं, “मग आता खरं बोला अण्णा, ही तोटी तुम्हाला पडली केवढ्याला?”

बोधचिन्हाचंही असंच. रोटरीचं दातेरी चाक झाडांच्या लोखंडी जाळ्यांवर, बाकांवर, वेशीवरच्या स्वागताच्या कमानीवर सगळीकडे असतं. १९२०च्या दशकात काही इंजिनिअर सभासदांच्या लक्षात आलं की चाकाच्या मध्यभागी खाचच नाही. खाच नाही म्हणजे दांड्याला पकड नाही, म्हणजे हे चाक नुसतं शोभेचं, ताकद पुढं सरकवणार नाही. म्हणून चित्रात खाच घालून घेतली. क्लब चालतो तो सभेत हे असले प्रश्न काढणाऱ्या माणसांवर, असं आपलं माझं मत. जाळ्यांचं म्हणाल, तर दोन-चार ठिकाणी झाड केव्हाच गेलंय, जाळी आणि देणगीदाराचं नाव मात्र टुणटुणीत आहे.

गावात लायन्स क्लबही आहे. वैर काही नाही, पण लक्ष असतं. स्मशानभूमीतल्या शेडमध्ये पूर्वेच्या अंगाला रोटरीचे बाक आहेत, पश्चिमेला लायन्सचे. लोक सकाळी लायन्सवर बसतात, दुपारनंतर रोटरीवर. ऊन फिरेल तसं. लायन्समध्ये सभासदांना गमतीचे दंड करणारं ‘टेल ट्विस्टर’ नावाचं खरंखुरं पद असतं, शिवाय क्लबाची घंटा-झेंडे सांभाळणारा ‘लायन टेमर’. शेपटी पिरगाळायचा अधिकृत हक्क आपल्या क्लबात कुणालाच नाही, याचं अण्णांना थोडं वाईट वाटतं.

वर्षातून एकदा डिस्ट्रिक्ट गव्हर्नर येतात. पूर्वी शाळेत दिपोटी यायचे तशी ती तपासणी. आदल्या दिवशी फलकांवरची धूळ झटकली जाते, जाळ्यांना रंग लागतो आणि जिथं झाड नाही तिथं रोप लागतं. प्रकल्पांची फाइल तयार होते: उपक्रमाचं नाव, लाभार्थी, खर्च, मनुष्यतास आणि फोटो. फोटो नाही तर उपक्रम नाही. ही अट ज्यानं घातली त्यानं आमच्या अण्णांना पाहिलेलं असावं.

फोटोच्या बाबतीत अण्णा लाजत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. बाकीचे ‘अहो, मी कशाला, मी कशाला’ म्हणत मधोमध येतात. अण्णा आधीच मधोमध उभे असतात. फळवाटपाच्या फोटोत एका केळ्याला सहा हात लागलेले मी पाहिले आहेत आणि सहावा हात कुणाचा ते मला मनगटावरच्या घड्याळावरून कळतं. अपवाद फक्त एका फोटोचा, तो दुकानात फ्रेम करून लावलाय. पल्स पोलिओच्या दिवसांतला आहे. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरे बरोबर येऊन मोहीम जगभर झाली, तेव्हा सव्वाशेच्या वर देशांत पोलिओ होता. आपल्याकडे २००९ मध्येसुद्धा ७४१ मुलांना झाला, पुढच्या वर्षी ४२ आणि २०११ मध्ये एकच, जानेवारीत हावड्याला. त्यानंतर मूळच्या, नैसर्गिक विषाणूचा एकही नाही. २७ मार्च २०१४ ला तसं प्रमाणपत्रही मिळालं. खरं राबल्या त्या अंगणवाडीच्या ताई आणि आशा. घर ना घर, वीटभट्टी ना वीटभट्टी, उसाच्या फडावरच्या कोपी. अण्णा तेव्हा नवे सभासद, म्हणून त्यांच्याकडे टेम्पो, बर्फाचे डबे पोचवणं आणि बिस्किटांचे पुडे. फोटो निघाला तेव्हा ते भोकाड पसरलेल्या पोराचे पाय धरून बसले होते. फोटोत डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, तत्कालीन अध्यक्ष आहेत, ताईंची दोन बोटं आहेत आणि कडेला अण्णांचं एक कोपर आहे. फ्रेमखाली डावीकडून सगळ्यांची नावं टाइप केली आहेत. कोपराचंही.

आणि एक काम असं आहे की त्याला फोटोच नाही. दुकानाच्या पोटमाळ्यावर क्लबाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. पाइपांच्या बंडलांशेजारी व्हीलचेअरी, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, एअरबेड, डोक्याकडून उचलता येणारी लोखंडी कॉट. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आलेली ऑक्सिजनची दोन यंत्रंही तिथंच आहेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, गरज संपली की आणून द्यायची, अनामत परत. भाडं नाही. गावात कुणी पडलं, खुब्याचं हाड मोडलं, अर्धांगाचा झटका आला की आधी दवाखाना आणि मग अण्णा.

वॉकर नेणाऱ्याला अण्णा प्रथम उंची विचारतात. पेशंट समोर नसेल तर मुलाला उभं करतात, “बाबा तुझ्या खांद्याला लागतात का कानाला?” हात सरळ खाली सोडल्यावर मनगट येतं तिथं वॉकरची मूठ यायला हवी, हे त्यांना फिजिओथेरपीच्या एका बाईंनी शिकवलंय. मग चारी पायांची बटणं दाबून, पाय खालीवर सरकवून, दुकानातल्या सँपलच्या गुळगुळीत टाइलवर ठेवून स्वतः दोन पावलं चालून बघतात. पायाचं रबर झिजलं असेल तर बरणीतून नवं काढून ठोकतात. ते रबर क्लबाच्या हिशेबात कुठं दिसत नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तीस रुपयांच्या रबरावरनं म्हातारा घसरायचा, आणि नाव क्लबाचं जायचं.” क्लबाच्या नावाची ही काळजी मला खरी वाटते. म्हाताऱ्याची काळजी तिच्या आत कुठंतरी असते, पण तसं कबूल केलं तर ते अण्णा कसले.

या केंद्राचं रजिस्टर म्हणजे गावाचं गॅझेटिअर आहे. लांबलचक लाल वही, अण्णांचं अक्षर, शेवटच्या रकान्यात शेरा. ‘आजोबा बरे. वॉकर सुनेच्या माहेरी.’ ‘आजी वारल्या. खुर्ची तेराव्यानंतर देतो म्हणाले. कितवा ते बोलले नाहीत.’ ‘कुबडी एकच परत. दुसरी कुत्र्यासाठी ठेवली.’ महिन्यातून एकदा अण्णा दुपारच्या शांत वेळी वसुलीचे फोन करतात.

“हां, नमस्कार, रोटरीतून बोलतोय. वॉकर होतं आपल्याकडे. वडील कसे आहेत?”

“छान आहेत की! हिंडतात, फिरतात.”

“वा वा. मग वॉकर?”

“अहो, त्याच्यावर आई पापड वाळत घालते. उन्हाळा झाला की आणून देतो.”

अण्णा शेऱ्यात लिहितात : ‘पापड. जून.’

रात्रीचेही फोन येतात. काकू झोपेतच विचारतात, “दुकानाचं की क्लबाचं?” रात्री दोन वाजता तोटी कुणाला लागत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. अण्णा स्वेटर चढवून, बॅटरी घेऊन शटर वर करतात. त्या आवाजानं अख्ख्या स्टँडला कळतं की कुणाच्या तरी घरी आज जागरण आहे.

गव्हर्नरांच्या फाइलीत हे घालायचं तर फोटो हवा, म्हणून गेल्या हिवाळ्यात अण्णांनी एक प्रयत्न केला. कमोडच्या खुर्चीचं ‘लोकार्पण’. फोटोग्राफरसह ते पेशंटच्या घरी पोचले. सुनेनं दारातच सांगितलं, “काका, खुर्चीचा काय तो काढा, मामंजींचा नको. ते फार मानी आहेत.” अण्णांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. क्लबाच्या अल्बमात त्या पानावर रिकामी कमोडची खुर्ची आहे, तिच्यामागे सफारीतले अण्णा उभे आहेत, एक हात खुर्चीच्या पाठीवर. खाली ओळ द्यायची माझ्यावर आली. मी बराच वेळ बसलो आणि शेवटी नुसती तारीख लिहिली.

परवा एक मुलगा पुण्याहून एअरबेड परत करायला आला. वडील गेले होते. बेड पुसून, घडी घालून, पंप वेगळ्या पिशवीत, अशी परतफेड त्या वहीत बहुधा पहिलीच. त्यानं अनामत घेतली नाहीच, वर एक पाकीट गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला, “नाव कुठं छापू नका.” अण्णांची पंचाईत झाली. पाटी लावू नका, फोटो नको, बातमी नको. अशा पैशाचं करायचं काय, याचा त्यांना अनुभव नव्हता. पावती तर फाडलीच पाहिजे. त्यांनी पावतीवर लिहिलं, ‘एक हितचिंतक’.

पावतीवरून ते सेक्रेटरीकडे गेलं. सेक्रेटरी तरुण आहे, कॉम्प्युटरवर झटपट काम करतो आणि देणगीदारांच्या यादीत प्रत्येक नावाआधी ‘रो.’ टाकतो. यादी बुलेटिनमध्ये छापली गेली, बुलेटिन उद्घोषकाच्या हातात गेलं. पुढच्या सभेत घंटा झाली, राष्ट्रगीत झालं, शाल-श्रीफळाचं तबक घेऊन अ‍ॅन काकू मंचाशी उभ्या राहिल्या आणि माइकवरून खणखणीत आवाज आला, “रुग्णसाहित्य केंद्रास उदार देणगी देणारे आपले सन्माननीय सभासद, रो. एक हितचिंतक यांनी कृपया व्यासपीठावर यावं.”

दोघे जण उठले.